ते पांढरं काय होतं

आमच्या वाचनमंडळात कादंबऱ्यांचे शेवट बहुमतानं ठरतात. हसू नका, खरंच ठरतात. आणि नुसते ठरत नाहीत, वहीत नोंदवले जातात. सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूनं किती हात, विरोधात किती, तटस्थ किती, सगळं.

दोष द्यायचाच तर सगळ्यांच्या नोकऱ्यांना द्यावा लागेल. शाहपुऱ्यात ज्यांच्या घरी आम्ही जमतो ते सचिवालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. मूळचे अमरावतीकडचे, वडिलांच्या बदलीबरोबर लहानपणी भोपाळला आले आणि इथलेच झाले. बाकीच्यांत कुणी पाटबंधारे खात्यातलं, कुणी टेलिफोनमधलं, एकानं गोविंदपुऱ्यात छोटा कारखाना चालवलेला. अख्खी हयात मीटिंगा आणि टिपणं करण्यात गेली. निर्णय न होता राहिलेली गोष्ट या लोकांना बघवतच नाही. एखाद्या जुन्या लेखकानं कादंबरी अधांतरी सोडली की यांना ती पडून राहिलेली फाईल वाटते, आणि ती निकाली काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला, पोहे आणि जलेबी झाली की पुस्तक निकाली निघतं. विहिरीच्या काठावर उभी राहिलेली सून पाणी भरायला आली होती, जीव द्यायला नव्हे, हे आम्ही ठरावानं मंजूर केलेलं आहे. एका म्हाताऱ्याच्या अंगणातली वाळलेली तुळस ही कशाचंही प्रतीक नसून तिला पाणी घातलेलं नव्हतं, असाही एक ठराव आहे. त्याचे सूचक अर्थातच पाटबंधारेवाले.

मी या सगळ्यांत तटस्थ. वहीत माझ्या नावापुढे पहिल्यापासून तेवढंच लिहिलेलं सापडेल. मी नागपूरची, मराठी घेऊन एम.ए. केलं, लग्न होऊन इथे आले आणि शाळेत आयुष्यभर हिंदी शिकवलं, कारण इथे मराठी शिकवायची कुणाला? त्यामुळे साहित्यावर बोलायची माझी सगळी हौस त्या एका रविवारी उफाळून येते. दर वेळी मी तावातावानं सांगते, अहो, लेखकानं दार मुद्दाम उघडं ठेवलंय, तुम्ही उठून कडी का लावता? काय व्हायचं ते न कळणं हाच त्या पुस्तकाचा जीव आहे. यावर सचिवसाहेब चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे हो मॅडम, पण वहीत काय लिहू?" झालं! डोकं फिरतं माझं.

मला तिथे सोडायला नवरा येतो. तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे 'तो', असं आमचं पहिल्यापासून आहे. आनंद नगरहून शाहपुऱ्यापर्यंतचा रस्ता मला नकोसा होतो, म्हणून तो गाडी काढतो आणि मग परत कशाला जायचं म्हणून बाल्कनीत बसून राहतो. पोह्यांची बशी, हिंदी पेपर आणि समोर तळं. मंडळाचा तो सभासद नाही. कादंबरी त्यानं जन्मात वाचली नसेल.

तो मोठ्या कारखान्यात क्वालिटीमध्ये होता. तिथे जाडजूड पत्रे आणि नळ्या वेल्डिंग करून जोडतात, त्या जोडांचे एक्स-रे काढतात, आणि ते वाचायचं काम याचं. आपल्या हाडांचे काढतात तसेच एक्स-रे, फक्त लोखंडाचे. खोलीत अंधार करून, उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून, जोडात कुठे पोकळी राहिलीय, कुठे बारीक चीर गेलीय ते शोधायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याच्याकडे शेरे दोनच, 'पास' आणि 'पुन्हा करा'. माझ्या उघड्या दारांची तो यथेच्छ टिंगल करायचा. म्हणायचा, "तुझे लेखक आमच्याकडे असते तर पहिल्या दिवशी मेमो मिळाला असता."

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मंडळानं एक फार जुनी कादंबरी घेतली. मी ती एम.ए.ला असताना वाचलेली, आणि माझी सगळ्यांत लाडकी. गोष्ट साधी आहे. खाडीच्या काठी जकातनाक्यावर एक कारकून आहे. त्याची बायको पलीकडच्या गावी आजारी बहिणीला बघायला गेलीय, आणि पलीकडे साथ पसरलीय. होडी भरतीबरोबर परत यायची, ती येत नाही. एक भरती जाते, दुसरी जाते. शेवटच्या पानावर तिन्हीसांजेला हा काठावर उभा असताना पाण्यावर काहीतरी पांढरं हलतं. तो हातातला कंदील डोळ्यांसमोर उंच धरतो. बस, कादंबरी संपली. ते पांढरं म्हणजे होडीचं शीड, की बगळा, की कुणाला गुंडाळून आणलंय, लेखकानं सांगितलेलं नाही.

या वेळी प्रास्ताविक मी करायचं ठरलं होतं. मी म्हटलं, आता बघतेच, या कादंबरीवर ठराव करूनच दाखवा. माझी जुनी प्रत काढायला मी स्टुलावर चढले. कपाटावर माझ्या कॉलेजच्या पुस्तकांची चळत आहे, तिला हात लावायची कुणाची टाप नाही. कादंबरी ओढली तर तिच्याखालून एक मोठं खाकी पाकीट घसरलं आणि खाली पडलं.

आत छातीचा एक्स-रे होता. कोपऱ्यात नवऱ्याचं नाव. निवृत्त लोकांची दरवर्षी तपासणी होते, ती होळीच्या आधी झाली होती, त्यातला. फक्त फिल्म. टाइप केलेला रिपोर्ट नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन तो उजेडात धरला. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी दिसत होतं.

तो बाहेर कुंड्यांना पाणी घालत होता. मी तशीच फिल्म हातात घेऊन गेले. "अहो, हे काय आहे?"

"एक्स-रे आहे. होळीच्या वेळचा."

"ते दिसतंय मला. हे पांढरं काय आहे?"

त्यानं नळ बंद केला, हात पुसले, फिल्म घेतली, आकाशाकडे धरली आणि अगदी कारखान्यातल्या आवाजात म्हणाला, "काही नाही. पांढरं म्हणजे भरीव. दोष असला की काळा दिसतो. पोकळी काळी, चीर काळी. पांढऱ्याला काय भ्यायचं?"

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पुन्हा कोण जाणार? फिल्म आपल्याला वाचता येते."

खरं सांगते, एक क्षण मला हायसं वाटलं. बत्तीस वर्षं फिल्म वाचलेला माणूस सांगतोय म्हणजे खरं असणार. दुसऱ्याच क्षणी मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या भाभीजी गच्चीवरून डोकावल्या. "अहो, तुम्ही काय लोखंडी नळी आहात का? सात महिने झाले! सात महिने हे माझ्या पुस्तकांखाली पडलंय आणि तुम्ही कुंड्यांना पाणी घालताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, म्हणजे जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टर तरुण होते. फिल्म पेटीवर लावून बघत राहिले आणि मग म्हणाले, "ये कब की है, अंकल?" त्यानं सांगितलं. पुढे हेही सांगितलं की मैंने देखी थी, सफ़ेद था, इसलिए छोड़ दिया, आणि मग वेल्डिंगचं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फेफड़े में हवा होनी चाहिए अंकल, लोहा नहीं. यहाँ काला ही ठीक है. सफ़ेद क्या है, वो देखना पड़ेगा."

स्कॅन झाला. मग बरगड्यांमधून सुई घालून आतला तुकडा काढला. जुनी, बरी झालेली जखमही असू शकते, दुसरं काहीही असू शकतं, रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येईल, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एका जागी बसवेना. डबे घासले, पंखे पुसले, ज्या चादरी धुवायच्या नव्हत्या त्याही धुतल्या. पोळी तव्यावर टाकायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची, जळल्याचा वास आला की परत यायचं. आणि मधूनमधून, प्रास्ताविक तयार करायचं म्हणून, ती कादंबरी घेऊन बसायची.

शेवटच्या पानावर समासात माझी पेन्सिलीतली टिपणं होती, बावीस वर्षांच्या मुलीच्या गोलगोल अक्षरात. पांढरा म्हणजे अनिश्चिततेचा रंग. वाचकाला अधांतरी ठेवण्यातलं सौंदर्य. अधांतरी ठेवण्यातलं सौंदर्य म्हणे! मला त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिला काय जातंय? तिच्या घरात कुणी काठावर उभं नव्हतं. आणि त्या लेखकाचा तर असा राग आला की सांगता सोय नाही. मेल्याला ठाऊक होतं. होडीत कोण आहे ते त्याला ठाऊक होतं आणि त्यानं सांगितलं नाही, कंदील वर करून निघून गेला. तुमच्या कलेपायी तो बिचारा कारकून शंभर वर्षं तिथे ताटकळतोय, त्याचं काय?

पण खरं तर मला दुसरंच काहीतरी आतून कुरतडत होतं. रिपोर्टाची भीती होतीच, पण तिच्याही खाली एक प्रश्न होता. याला खरंच कळलं नव्हतं का? की कळूनही यानं लपवलं?

आयुष्यभर पुस्तकांचे अर्थ लावत आले, तसा मी आता नवऱ्याचा अर्थ लावायला बसले. एक वाचन असं की सवय. इतकी वर्षं पांढरं म्हणजे पास, काळं म्हणजे नापास, डोळ्यांना वळणच तसं पडलेलं. माणूस आपल्या हुशारीवरच घसरतो. दुसरं वाचन असं की सगळं कळलं होतं, आणि म्हणूनच तो रिपोर्ट आणायला गेला नाही. मग वाटायचं, लपवायचंच होतं तर फाडून का नाही टाकलं? माझ्या पुस्तकांखाली का ठेवलं? मला सापडावं म्हणून? की तिथे मी वर्षानुवर्षं हात घालत नाही म्हणून? एकाच वाक्याचे तीन अर्थ निघावेत आणि तिन्ही बसावेत, याला मी वर्गात श्रीमंती म्हणत असे. आता ते तिन्ही अर्थ दिवसभर माझ्या डोक्यात भांडत होते.

विचारायचं धाडस होत नव्हतं. तो शेजारी बसून शांतपणे पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा. मी चहा आणून द्यायची, पाठीखाली उशी सरकवायची, खिचडीत मीठ बरोबर आहे ना म्हणून विचारायची.

रविवार आला तेव्हा रिपोर्ट आलेला नव्हता. मी म्हटलं, मी जात नाही. तो म्हणाला, "जा ना. घरात बसून मला खाशील. चल, मीही येतो." सुई टोचल्यापासून त्याला गाडी चालवायची मनाई होती, तेव्हा मीच चालवली. मंडळात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो नेहमीसारखा बशी घेऊन बाल्कनीत जाऊन बसला.

प्रास्ताविक मी काय केलं ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले, भरभर बोलले, आणि मध्येच बसले. मग नेहमीचं सुरू झालं. पाटबंधारेवाले म्हणाले, "बगळा. साधा बगळा आहे. हे बघा ना समोर." आणि खरंच बाल्कनीतून तळ्याकडे बोट केलं. तिथे एक बगळा चिखलात उभा होता. टेलिफोनमधल्या ताई म्हणाल्या, "बगळा तिन्हीसांजेला खाडीच्या मधोमध काय करेल? कफन आहे ते, साफ दिसतंय. मला तर वाचतानाच टेन्शन आलं यार." सचिवसाहेब म्हणाले, "साथीत गेलेल्याला होडीत घालून इकडे कोण आणेल हो? काहीही काय बोलता? शीड असणार." गोविंदपुऱ्यावाल्यांनी कादंबरी पूर्ण वाचलेली नव्हती, तरी ते बगळ्याच्या बाजूनं होते.

"मॅडम तटस्थ ना?" सचिवसाहेबांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी सूचक आहे. लिहा. ते होडीचं शीड आहे. बायको परत आली. धडधाकट परत आली, आणि पुढे दोघं पुष्कळ वर्षं जगली. हेही लिहा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई म्हणाल्या, "अगं, पण तूच तर दर वेळी..."

"दर वेळचं सोडा. एखादा ठराव मी कधी मागितलाय का? आज मागतेय. करा!" माझा आवाज चढला होता आणि ते मला कळतही होतं.

सचिवसाहेबांनी सावधपणे लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात बाल्कनीच्या दारात नवरा उभा दिसला. हातात रिकामी बशी होती. इतक्या वर्षांत या खोलीत तो "थोडी शेव द्या" यापलीकडे काही बोललेला नाही.

"कंदील कुठे धरला म्हणालात त्यानं?" त्यानं विचारलं.

"डोळ्यांसमोर," ताईंनी पान काढून सांगितलं. "उंच."

"मग त्याला काय दिसणार? माझी सगळी नोकरी अंधारात बसून बघण्यात गेली. उन्हातून आत आलो की आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, डोळे निवळेपर्यंत. उजेड डोळ्यांवर आला की समोरचं काहीच दिसत नाही. ज्याला पाण्यावरचं बघायचंय तो कंदील पाठीमागे धरेल, नाहीतर विझवून टाकेल. डोळ्यांसमोर धरला तर फक्त कंदीलच दिसेल."

"मग त्यानं कशाला धरला?" सचिवसाहेब.

"बघायचं नव्हतं म्हणून," तो म्हणाला, आणि बशी ठेवायला आत गेला.

इतकी वर्षं मी ही कादंबरी छातीशी धरून बसले, ते पांढरं काय यावर टिपणं काढली, लोकांशी भांडले, आणि कंदिलाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पण त्या वेळी कंदिलाचं काय घेऊन बसलात? मला कपाटावरचं ते खाकी पाकीट दिसत होतं. सचिवसाहेब हळूच म्हणाले की सभासद नसलेल्या व्यक्तीचं म्हणणं नोंदवता येणार नाही, पण ठरावाला अनुमोदक कोण? चार हात वर झाले. मग ते माझ्याकडे वळले. माझा हात वर जाईना. सूचकानंच मत दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि त्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

परत येताना आम्ही रायसेन रोडला लागलो. ऊन उतरलं होतं, रहदारी तुंबली होती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी समोर बघतच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

तो म्हणाला, "हो."

"कधी?"

"त्याच दिवशी. पार्किंगमध्ये पाकीट उघडलं तेव्हाच. अगं, फुप्फुस आणि लोखंड यातला फरक मला कळणार नाही का?"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले, कुणीतरी ओरडलं, "चलो आंटीजी!" मी कशीबशी गाडी पुढे काढली आणि एका रसवंतीच्या शेजारी आडवीतिडवी उभी केली. आणि मग मी जी सुटले! सात महिने, म्हटलं. सात महिने तुम्ही जेवत होतात, झोपत होतात, माझ्या उघड्या दारांवर विनोद करत होतात, आणि पोटात हे घेऊन बसला होतात? मला वर 'पांढरं म्हणजे भरीव' सांगितलंत? मला मूर्ख समजलात? मी कोण आहे तुमची? रसवंतीवाला घुंगरांचं चाक थांबवून बघत होता. बघू दे, म्हटलं.

त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी घेऊन गेली असतीस."

"मग? न्यायला नको होतं?"

"न्यायला हवं होतं. चूकच झाली माझी. पण त्या दिवसापासून तू माझ्याशी हळू बोलायला लागली असतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे आता बोलतेस तशी. मीठ बरोबर आहे का, उशी देऊ का. मला थोडे दिवस नेहमीसारखे हवे होते. मी ओला टॉवेल पलंगावर टाकायचा आणि तू घर डोक्यावर घ्यायचंस, असे. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग उद्या पुन्हा तू कशावरून तरी ओरडलीस. मला बरं वाटलं."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच, हात उचलला गेला होता. आणि त्याच वेळी आठवलं की एक्स-रे सापडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी या माणसाला एकदाही टाकून बोलले नव्हते. इतके दिवस! लग्न झाल्यापासून असं कधी झालं नसेल. काच वर केली आणि मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले, आवाज करून रडले. त्यानं पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. खाली उतरून दोन ग्लास रस घेऊन आला आणि म्हणाला, "बर्फ नको सांगितलं होतं, तरी घातलाय त्यानं."

मंगळवारी रिपोर्ट आला. वाईटच होता. होळीच्या वेळी आला असता तर बराच कमी वाईट असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आलं. औषधं चालू आहेत. केस गेले, परत आले, पण पूर्वीसारखे नाहीत. दर तीन महिन्यांनी स्कॅन होतो आणि त्याची फिल्म मी स्वतः जाऊन आणते, रिपोर्टासकट. पुढचं काय ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि मी त्यांना विचारायचं सोडलेलं नाही. ते सात महिने मी त्याला माफ केलेले नाहीत. करणारही नाही. आणि हे मी त्याला रोज सांगते, चांगलं शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. तो पलंगावर डोळे मिटून पडलेला असतो. म्हणतो, "अजून जरा मोठ्यानं."